अमेरिकेतील विद्यापीठात एखादा विषय मध्येच सोडावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टअखेरीस सुरू झालेले फॉल सेमिस्टर ऑक्टोबरच्या मध्यावर आले, की मिडटर्मचे पेपर हातात पडू लागतात आणि पुणे-मुंबई-नागपूरहून आलेल्या विद्यार्थ्यांचे ठराविक प्रश्न सुरू होतात. हे प्रश्न मी स्वतः विद्यार्थी असताना इतरांना विचारले आहेत आणि पुढे बरीच वर्षे नव्याने येणाऱ्यांकडून ऐकले आहेत. खालील उत्तरे मुख्यतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. तारखा, शुल्काचे टप्पे आणि ग्रेडची नावे विद्यापीठागणिक बदलतात. त्यामुळे वाचताना आपल्या विद्यापीठाचे शैक्षणिक कॅलेंडर शेजारी उघडून ठेवावे.

प्रश्न : 'ड्रॉप' आणि 'विथड्रॉ' यांत नेमका फरक काय?

सेमिस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय घेण्याची आणि बदलण्याची मुभा असते. त्या काळात विषय सोडला, तर त्याला ड्रॉप म्हणतात. त्याची ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रिकेवर, नोंद राहत नाही आणि शुल्कही बहुधा पूर्ण परत मिळते. ही मुदत संपल्यानंतर विषय सोडला, तर तो विथड्रॉ ठरतो. विषयाचे नाव ट्रान्स्क्रिप्टवर तसेच राहते आणि ग्रेडच्या जागी डब्ल्यू हे अक्षर येते. ही दुसरी मुदत साधारणपणे पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमधील नवव्या ते अकराव्या आठवड्याच्या आसपास संपते. बोलताना विद्यार्थी दोन्हींना 'ड्रॉप केला' असेच म्हणतात, परंतु कार्यालयाला ई-मेल लिहिताना आणि अर्ज भरताना हा फरक पाळावा, कारण दोन्हींचे परिणाम अगदी वेगळे आहेत.

प्रश्न : आमच्याकडे 'ड्रॉप घेतला' म्हणजे वर्ष वाया गेले असे समजतात. येथेही तसेच आहे का?

नाही. मराठी घरांतील निम्मी घबराट या एका शब्दामुळे होते, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात 'ड्रॉप' म्हणजे बारावीनंतर किंवा इंजिनीअरिंगमध्ये घेतलेला एका वर्षाचा खंड, आणि त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या प्रश्नांची पुरवणी जोडलेलीच असते. येथे फक्त एक विषय सुटतो, बाकीचे सेमिस्टर जसेच्या तसे चालू राहते.

याच्या उलट, एक गैरसमज केटीमुळे होतो. आपल्या विद्यापीठांतील एटीकेटीच्या पद्धतीत एखादा विषय राहिला तरी विद्यार्थी पुढच्या सत्रात जातो, नंतर पुन्हा परीक्षा देतो आणि विषय निघाला की प्रकरण मिटते. 'लागली केटी तर लागली, पुढच्या वेळी काढू' हा धीर तेथे चालून जातो. येथे मात्र त्याच धीराची किंमत मोजावी लागते. अमेरिकन विद्यापीठात केवळ परीक्षा पुन्हा देता येत नाही, तर संपूर्ण विषय पुन्हा, पुन्हा शुल्क भरून, पहिल्या दिवसापासून शिकावा लागतो, आणि आधीचा एफ, म्हणजे नापासाचा ग्रेड, ट्रान्स्क्रिप्टवर राहतो. काही विद्यापीठे दुसऱ्यांदा मिळालेला ग्रेड जीपीएसाठी, म्हणजे ग्रेडच्या सरासरीसाठी, धरतात, काही दोन्ही धरतात. त्यामुळे विषय सोडायला अकारण घाबरणारा विद्यार्थी आणि नापास व्हायला मुळीच न घाबरणारा विद्यार्थी, हे दोघेही घरचाच हिशेब येथे लावत असतात आणि दोघांचाही तो चुकतो.

प्रश्न : डब्ल्यूचा जीपीएवर काय परिणाम होतो?

काहीही होत नाही. डब्ल्यू जीपीएच्या गणितात धरला जात नाही. मास्टर्सच्या एका सेमिस्टरचा हिशेब पाहा. तीन-तीन क्रेडिटचे तीन विषय आहेत. एकात ए म्हणजे ४, दुसऱ्यात बी म्हणजे ३ आणि तिसऱ्यात एफ म्हणजे ०, असे ग्रेड मिळाले, तर सरासरी २.३३ येते. तिसरा विषय वेळेत सोडला असता, तर ती ३.५० आली असती. तिसऱ्यात कसाबसा सी मिळवला, म्हणजे २ गुण, तर सरासरी बरोबर ३.०० येते. मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी ३.०० जीपीए राखावा लागतो आणि तो खाली गेला की ॲकॅडमिक प्रोबेशन लागते. त्यामुळे तिसऱ्या विषयात सी मिळेल, की त्याहूनही खाली घसरण होईल, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

काही विद्यापीठांत डब्ल्यूएफ नावाचा एक ग्रेडही असतो. उशिरा विषय सोडणाऱ्या आणि त्या वेळी नापास होत असलेल्या विद्यार्थ्याला तो दिला जातो आणि बऱ्याच ठिकाणी तो एफइतकाच मोजला जातो. तुमच्या विद्यापीठात तो आहे का, हे नियमावलीत आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : विषय सोडायचा की रेटून न्यायचा, हे कसे ठरवावे?

आधी कागद घेऊन बसावे. प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये कोणत्या घटकाला किती टक्के भार आहे हे दिलेले असते, आणि आश्चर्य म्हणजे बहुतांश विद्यार्थी हा तक्ता पहिल्या दिवसानंतर पुन्हा उघडून पाहत नाहीत.

समजा, गृहपाठांना २० टक्के, मिडटर्मला ३०, प्रकल्पाला २० आणि अंतिम परीक्षेला ३० टक्के भार आहे. गृहपाठांत तुमची सरासरी ८५ आहे, म्हणजे १७ गुण जमा झाले. मिडटर्ममध्ये शंभरपैकी ४१ मिळाले, म्हणजे १२.३ गुण. प्रकल्पात ८० मिळतील असे धरू, म्हणजे १६. एकूण ४५.३ झाले. आता बी ग्रेडसाठी ८० लागत असतील, तर अंतिम परीक्षेच्या ३० गुणांपैकी ३४.७ मिळवावे लागतील, म्हणजे बी हातातून गेला आहे. सी साठी ७० लागत असतील, तर ३० पैकी २४.७ हवेत, म्हणजे पेपरमध्ये ८२ टक्क्यांहून अधिक. ज्या विद्यार्थ्याला मिडटर्ममध्ये ४१ मिळाले, त्याला त्याहून कठीण अंतिम पेपरमध्ये ८३ मिळतील का, हे त्याने स्वतःलाच विचारावे. आईला सांगताना दिले जाते ते उत्तर येथे उपयोगाचे नाही.

या हिशेबात एक महत्त्वाची दुरुस्ती असते. अनेक प्राध्यापक गुणांचे थेट ग्रेड करत नाहीत, वर्गाची एकूण कामगिरी पाहून सीमा ठरवतात. वर्गाची सरासरी ४६ असेल, तर ४१ गुणांनी धास्तावण्याचे कारण नाही, आणि सरासरी ७८ असेल, तर खरोखरच विचार करायला हवा. त्यामुळे स्वतःच्या गुणांच्या बरोबरीने वर्गाची सरासरी आणि विभागणी विचारून घ्यावी.

कागदावरचा हिशेब झाल्यानंतर कारण शोधावे, कारण उपाय त्यावरच ठरतो. विषयासाठी लागणारी पूर्वतयारीच नसेल, उदाहरणार्थ लिनिअर ॲल्जिब्रा विसरलेला असताना मशीन लर्निंग घेतले असेल, तर उरलेल्या सहा आठवड्यांत ती पोकळी भरत नाही आणि विषय सोडणे शहाणपणाचे असते. आठवडाभर तापाने पडल्यामुळे एक परीक्षा बिघडली असेल, तर प्रकरण सावरता येते. कॅम्पसवरील नोकरीचे तास हे कारण असेल, तर आधी नोकरी कमी करावी. एफ-१ विद्यार्थ्याला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते खरे, परंतु ही वरची मर्यादा आहे. डायनिंग हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत भांडी घासून सकाळी आठच्या वर्गात झोपणारे आणि मग 'विषयच अवघड आहे' म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. हा विषय पुढच्या कोणत्या विषयांसाठी अट आहे, आणि तो पुन्हा केव्हा शिकवला जाईल. वर्षातून एकदाच शिकवला जाणारा सक्तीचा विषय सोडला, तर पदवी लांबू शकते. ऐच्छिक विषय असेल, तर त्याच्या जागी दुसरा घेऊन मोकळे होता येते.

प्रश्न : प्राध्यापकांशी बोलणे आवश्यक आहे का? त्यांना राग येणार नाही का?

बोलावेच. आपल्याकडे सरांनी केबिनमध्ये बोलावले म्हणजे काहीतरी बिनसले असा अर्थ असतो. त्यामुळे ऑफिस अवर्स म्हणजे अडचणीत सापडलेल्यांची रांग, असा समज मी स्वतः पहिले आठ महिने बाळगून होतो. प्रत्यक्षात ती विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली वेळ असते आणि पुष्कळदा प्राध्यापक रिकाम्या खोलीत कोणी येईल का याची वाट पाहत असतात.

माझ्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये अल्गोरिदमच्या विषयात मिडटर्मची निळी उत्तरपुस्तिका परत मिळाली, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाच्या पानावर लाल शाईत केवळ एक प्रश्नचिन्ह होते. उत्तर चूक असल्याचेही लिहिलेले नव्हते. ते प्रश्नचिन्ह घेऊन मी शेवटी प्राध्यापकांकडे गेलो आणि विचारले, की मी या वर्गात राहावे असे आपल्याला वाटते का. त्यांनी पुस्तिका चाळली, माझे गृहपाठ संगणकावर उघडले आणि शांतपणे सांगितले, की तुमचे गृहपाठ चांगले आहेत, परंतु ते गटाचे आहेत, हा पेपर तुमचा एकट्याचा आहे. त्यात रागाचा लवलेश नव्हता. मुदतीला दोन दिवस असताना मी तो विषय सोडला, उन्हाळ्यात पूर्वतयारीचे पुस्तक पुरे केले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या प्राध्यापकांकडे तोच विषय घेतला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्या डब्ल्यूविषयी मला कोणीही विचारले नाही.

भेटीला जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत : सध्याच्या गुणांवर मी कोणत्या ग्रेडच्या आसपास आहे, अंतिम परीक्षेत वास्तविक किती सुधारणा होऊ शकते, आणि माझ्यासारख्या स्थितीतील विद्यार्थी पूर्वी पार पडले आहेत का. 'ग्रेड वाढवून द्या' ही विनंती करू नये. तिचा उपयोग होत नाही आणि संभाषण तेथेच संपते.

प्रश्न : मी एफ-१ व्हिसावर आहे. विषय सोडल्याने व्हिसा धोक्यात येतो का?

हा या सगळ्यातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे, आणि उत्तर तुमच्या क्रेडिटच्या संख्येवर अवलंबून आहे.

एफ-१ विद्यार्थ्याने प्रत्येक नियमित सेमिस्टरमध्ये पूर्णवेळ शिकले पाहिजे, अशी अट आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्यासाठी पूर्णवेळ म्हणजे किमान १२ क्रेडिट. मास्टर्स आणि पीएचडीसाठी हा आकडा विद्यापीठ ठरवते आणि बहुतेक ठिकाणी तो ९ असतो. पदवीपूर्व विद्यार्थ्याने १५ क्रेडिट घेतले असतील आणि ३ क्रेडिटचा एक विषय सोडला, तर १२ उरतात आणि व्हिसाच्या दृष्टीने काही बिघडत नाही. मास्टर्सच्या विद्यार्थ्याकडे मात्र बहुधा नेमके ९ क्रेडिट असतात, त्यामुळे एकच विषय सोडला तरी तो ६ वर येतो.

असे असेल, तर पोर्टलवरील विथड्रॉचे बटण दाबण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डीएसओंची, म्हणजे तुमचा आय-२० (एफ-१ व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला दाखला) सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. या परवानगीला रिड्यूस्ड कोर्स लोड किंवा आरसीएल म्हणतात आणि तिची नोंद सेविस या सरकारी प्रणालीत होते. परवानगी आधी आणि विषय सोडणे नंतर, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. परवानगीविना क्रेडिट खाली गेले, तर स्टेटसचा भंग ठरतो आणि सेविसमधील नोंद रद्द होऊ शकते. त्यानंतर रीइन्स्टेटमेंटसाठी, म्हणजे स्टेटस पुन्हा मिळवण्यासाठी, सरकारकडे अर्ज करावा लागतो. तो सर्वसाधारणपणे पाच महिन्यांच्या आत करायचा असतो आणि मंजुरीची हमी नसते. पोर्टल तुम्हाला अडवत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. रात्री दोन वाजता वैतागून दाबलेले बटणही ते मुकाट्याने मान्य करते.

प्रश्न : आरसीएल कोणत्या कारणांसाठी मिळते?

कारणे मोजकी आहेत. पहिले शैक्षणिक अडचणीचे : इंग्रजीची किंवा वाचनाच्या प्रमाणाची सुरुवातीची अडचण, अमेरिकन अध्यापनपद्धतीची अनोळख, किंवा चुकीच्या पातळीच्या वर्गात झालेला प्रवेश. या कारणाने मिळणारी सवलत पदवीच्या एका पातळीवर एकदाच मिळते. सवलत घेतली तरी पूर्णवेळ भाराच्या किमान निम्मे क्रेडिट ठेवावेच लागतात आणि पुढच्या नियमित सेमिस्टरमध्ये पुन्हा पूर्णवेळ व्हावे लागते.

दुसरे कारण आजारपणाचे. त्यासाठी डॉक्टरांचे किंवा मानसतज्ज्ञांचे पत्र लागते. या सवलतीत गरज पडल्यास सर्व विषय सोडता येतात, पण एका पातळीवर तिची एकूण मर्यादा १२ महिन्यांची आहे. नैराश्य, निद्रानाश, घरातील मृत्यूनंतर आलेली हतबलता या गोष्टींना 'आजार' म्हणायला आपले विद्यार्थी कचरतात आणि शैक्षणिक अडचणीची एकुलती एक सवलत तेथे खर्च करून बसतात. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात वेळेवर गेल्यास योग्य त्या कारणाखाली अर्ज करता येतो.

तिसरे कारण शेवटच्या सेमिस्टरचे. पदवी पूर्ण करायला एक-दोनच विषय उरले असतील, तर तेवढेच घेता येतात. ३० क्रेडिटच्या मास्टर्समध्ये तीन सेमिस्टरमध्ये नऊ-नऊ झाले, की चौथ्यात तीनच उरतात. म्हणून पहिल्या वर्षी एक विषय सोडावा लागला, तरी तो चौथ्या सेमिस्टरमध्ये बसतो आणि पदवी लांबत नाही, हा हिशेब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मात्र एकच विषय उरला असेल, तर तो ऑनलाइन असून चालत नाही.

जीपीए घसरेल, पैसे कमी पडत आहेत, ही कारणे कितीही खरी असली, तरी यांत बसत नाहीत.

प्रश्न : सोडलेल्या विषयाच्या जागी दुसरा घेऊन क्रेडिट भरून काढता येतात का?

कधीकधी येतात. अनेक विद्यापीठांत सेमिस्टरच्या उत्तरार्धात सुरू होणारे सात-आठ आठवड्यांचे लहान विषय असतात. तो आधी नोंदवावा आणि मगच जुना सोडावा. एक अट मात्र आहे : पूर्णवेळाच्या हिशेबात एका सेमिस्टरमध्ये ऑनलाइन विषय एकच, किंवा ३ क्रेडिटपर्यंतच धरला जातो.

प्रश्न : मी एच-४ वर आहे. मलाही हे नियम लागू आहेत का?

नाहीत. एच-४ वर, म्हणजे एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराला किंवा मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, पूर्णवेळ शिकण्याचे बंधन नाही. शुल्क, जीपीए आणि विद्यापीठाचे नियम एवढेच पाहावे.

प्रश्न : उन्हाळ्यातील विषय सोडला तर?

उन्हाळा ही तुमची वार्षिक सुट्टी असेल, तर व्हिसाचा प्रश्न सहसा येत नाही. तुमचे पहिले किंवा शेवटचे सेमिस्टर उन्हाळ्याचे असेल, तर मात्र वरचे सर्व नियम लागू होतात.

प्रश्न : पैसे परत मिळतात का? शैक्षणिक कर्जाचे काय?

विथड्रॉच्या मुदतीपर्यंत पोहोचता पोहोचता शुल्कपरतीची मुदत बहुधा केव्हाच उलटून गेलेली असते. परतीची टक्केवारी दर आठवड्याला घटत जाते आणि ती शून्य झाल्यानंतरही कित्येक आठवडे विषय सोडता येतो. या दोन वेगळ्या तारखा आहेत. अनेक पदवीपूर्व अभ्यासक्रमांत १२ क्रेडिटपासून पुढे एका मर्यादेपर्यंत एकच ठोक शुल्क असते. तेथे १५ वरून १२ वर आल्यास मुळात काही परत मिळण्याचा प्रश्नच नसतो.

'एवढे पैसे भरले आहेत, आता सोडू कसा?' हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. अमेरिकेत तीन क्रेडिटचे शुल्क म्हणजे घरच्या हिशेबात लाखांची गोष्ट असू शकते, आणि कर्जासाठी घर तारण ठेवले असेल तर तो आकडा डोळ्यांपुढून हलत नाही. परंतु भरलेले शुल्क विषय सोडला तरी गेले आणि एफ मिळाला तरी गेले. दोन्ही मार्गांवर ते सारखेच आहे, म्हणून निवड करताना ते बाजूला ठेवावे. विषय पुन्हा घेण्याचे शुल्क, आणि पदवी लांबली तर आणखी एका सेमिस्टरचे घरभाडे व विमा, एवढेच हिशेबात धरावे.

भारतीय बँक कर्जाचे हप्ते बहुधा विद्यापीठाच्या मागणीपत्रानुसार सेमिस्टरवार देते. अभ्यासक्रम लांबणार असेल, तर परतफेड सुरू होण्याची तारीखही बदलावी लागते, म्हणून शाखेला लेखी कळवावे. टीए (अध्यापन साहाय्यक) किंवा आरए (संशोधन साहाय्यक) म्हणून काम करणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण पूर्णवेळ नोंदणी हीच बहुधा त्या नेमणुकीची आणि शुल्कमाफीची अट असते. विभागाच्या पदव्युत्तर समन्वयकांना आधी विचारावे.

प्रश्न : अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना सरकारी आर्थिक मदत मिळते. त्यांनी विषय सोडला तर ती थांबते का?

एका विषयाने लगेच थांबतेच असे नाही. परंतु मदत चालू राहण्यासाठी घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन-तृतीयांश पूर्ण करावे लागतात आणि डब्ल्यू 'घेतलेला पण पूर्ण न केलेला' असा मोजला जातो. वारंवार डब्ल्यू आले, की हे प्रमाण ढासळते. सगळेच विषय सोडले, तर मिळालेल्या मदतीचा काही भाग परत करावा लागू शकतो, आणि सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटला आहे की नाही यावर ते ठरते. आर्थिक मदत कार्यालयाशी बोलूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : विद्यापीठ माझ्या आई-वडिलांना कळवेल का?

सहसा नाही. १९७४ च्या फर्पा या कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर त्याचाच अधिकार असतो आणि काही अपवाद वगळता त्याच्या संमतीविना त्या पालकांनाही दिल्या जात नाहीत. बाबांनी सांगलीहून प्राध्यापकांना ई-मेल केला, तरी त्यांना नम्र नकारच मिळेल.

घरी सांगावे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. माझ्या मते सांगावे, परंतु निर्णय झाल्यानंतर आणि योग्य शब्दांत. 'आई, मी ड्रॉप घेतला' या वाक्याने फोन सुरू केला, तर पुढचा अर्धा तास ते वाक्य निस्तरण्यातच जातो. 'आई, या सेमिस्टरला तीनऐवजी दोन विषय ठेवतो आहे, तिसरा पुढच्या वर्षी घेईन, ऑफिसची परवानगी काढली आहे, पदवी वेळेवरच होईल', असे सांगितले, तर बहुधा पुढचा प्रश्न जेवणाविषयी येतो.

प्रश्न : पीएचडीच्या प्रवेशाला किंवा नोकरीला डब्ल्यू आड येतो का?

एखादा डब्ल्यू सहसा येत नाही. प्रवेश समितीच्या नजरेला तीन-चार डब्ल्यूंची रांग, किंवा मुख्य विषयातीलच डब्ल्यू आणि तो पुन्हा न घेतल्याचे दिसले, तर प्रश्न पडतो. त्याचे उत्तर उद्दिष्टपत्रात दोन वाक्यांत द्यावे, पानभर समर्थन लिहू नये. नोकरी देणाऱ्या बहुतेक कंपन्या पदवी आणि फार तर जीपीए पाहतात.

प्रश्न : विषय न सोडता दुसरा काही मार्ग आहे का?

इनकम्प्लीट म्हणजे 'आय' हा ग्रेड आहे. बहुतांश काम चांगल्या रीतीने पूर्ण झाले असून अखेरीस आजारपणासारखी अडचण आली असेल, तर प्राध्यापक उरलेल्या कामासाठी मुदत देतात. विषय समजत नाही म्हणून तो मिळत नाही, आणि मुदतीत काम दिले नाही तर अनेक ठिकाणी त्याचा आपोआप एफ होतो. पास-फेल हा पर्याय काही ऐच्छिक विषयांना असतो, परंतु सक्तीच्या विषयाला तो सहसा चालत नाही. ऑडिट करून वर्गात नुसते बसता येते, पण ऑडिटचे क्रेडिट पूर्णवेळाच्या हिशेबात धरले जात नाहीत. एफ-१ वाल्यांनी हा मार्ग सोपा समजू नये.

प्रश्न : वर्गात जाणेच बंद केले तर नाव आपोआप कमी होत नाही का?

बहुतेक ठिकाणी होत नाही. आपल्याकडे परीक्षेला न बसलेला विद्यार्थी गैरहजर म्हणून नोंदला जातो. येथे न दिलेल्या परीक्षेचे शून्य गुण धरून एफ दिला जातो. सर्वांत वाईट ग्रेड मिळवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

प्रश्न : मुदत उलटून गेली. आता काय करावे?

गंभीर आजारपण किंवा कुटुंबातील मृत्यूसारखे कारण असेल, तर कागदपत्रांसह उशिरा विथड्रॉ करण्याचा अर्ज करता येतो आणि तो डीनच्या कार्यालयाकडे जातो. 'तारीख लक्षात राहिली नाही' या कारणावर तो मंजूर होत नाही. असे कारण नसेल, तर उरलेले आठवडे त्या विषयाला द्यावेत आणि एफऐवजी सी किंवा डी मिळवण्याचा प्रयत्न करावा.

तारखेविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. काही पोर्टल रात्री ११:५९ पर्यंत उघडे असते, पण प्राध्यापकांची किंवा सल्लागारांची सही लागत असेल, तर खरी मुदत कार्यालय बंद होण्याची, म्हणजे सायंकाळी पाचची असते. दिवाळीसाठी भारतात गेलेल्या विद्यार्थ्याने तर वेळेचा हिशेब दोनदा करावा. न्यूयॉर्क आणि भारत यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कमधील घड्याळे मागे गेली, की ते साडेदहा तासांचे होते.

प्रश्न : कॉपीचा आरोप झाला आहे. विषय सोडून त्यातून सुटता येईल का?

बहुतेक विद्यापीठांत चौकशी चालू असताना विषय सोडता येत नाही, किंवा सोडला तरी निर्णयानंतर ग्रेड पुन्हा लावला जातो. या प्रकरणी विद्यार्थी-हक्क कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : सर्व ठरले. आता प्रत्यक्ष पावले कोणती?

एफ-१ असाल आणि क्रेडिट पूर्णवेळाच्या खाली जात असतील, तर प्रथम शैक्षणिक सल्लागारांची सही घेऊन आरसीएलचा अर्ज डीएसओंकडे द्यावा. मंजुरीचा ई-मेल हाती आल्यावरच पोर्टलवर जावे. यादीत एकाच नावाचे व्याख्यान आणि प्रयोगशाळा वेगवेगळ्या क्रमांकांनी असतात. दोन्ही सोडायचे असतील, तर दोन्हींवर खूण करावी. उजव्या बाजूला दिसणारी नवी क्रेडिटसंख्या वाचून मगच 'सबमिट' करावे. त्यानंतरच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि डीएसओंचा ई-मेल एका फोल्डरमध्ये ठेवावा. आरसीएल घेतले असेल, तर आय-२० वर त्याची नोंद झाली आहे का, हे आठवड्याभरात विचारून घ्यावे.

गटप्रकल्पातील सोबत्यांना त्याच दिवशी कळवावे आणि आपल्या वाट्याचा कोड किंवा मसुदा त्यांच्या हवाली करावा. आणि पाठ्यपुस्तक भाड्याने घेतले असेल, तर ते परत करावे. विषय सोडला म्हणून पुस्तकाच्या दुकानाचे भाडे थांबत नाही. माझ्या खात्यावर त्या अल्गोरिदमच्या पुस्तकाचे विलंबशुल्क जानेवारीपर्यंत चढत होते.